लखनौला जाऊन एका अमेरिकन खासदाराला जिवंत केलं, त्याची हकिकत

आधी कबुली देऊन टाकते. आपली ही फिरती वही फेब्रुवारीपासून माझ्याकडे पडून आहे आणि आता दिवाळीच्या चकल्या डब्याच्या तळाला गेल्यात. नियम मलाही पाठ आहे. फिरून आलं की पंधरा दिवसांत लिहायचं, गाडी, खाणं, उतरायची सोय, खर्च सगळं टाकायचं आणि वही पुढच्याकडे धाडायची. पुढचा नंबर सुधाचा, तिची दोन पोस्टकार्डं आली. पहिल्यात "वही कुठंय?" एवढंच होतं. दुसरं आमच्या पोस्टमनने जिन्यातच मोठ्याने वाचलं आणि तो मला म्हणाला, "ताई, द्या एकदाची ती वही."

आळस आहेच, नाही म्हणत नाही. पण खरं कारण असं की या हकिकतीला शेवट नव्हता. अजूनही नाही. मी शेवटाची वाट बघत बसले. आता ठरवलंय, शेवट नसला तर नसला, आहे तेवढं लिहून वही हातावेगळी करायची.

तर लखनौ. तिथे माझी आत्या असते. आतोबा तिथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. मूळचे अमरावतीचे, वीस वर्षं लखनौला काढली, पण चिडले की अजून वऱ्हाडी बोलतात. डिसेंबरात आत्याचं पत्र आलं: 'यांचा प्रबंध जानेवारीच्या अखेरीस विद्यापीठात गेला नाही तर नोंदणी रद्द होते. अकरा वर्षं झाली. दोनदा मुदत वाढवून घेतली, आता मिळणार नाही. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. तू ये. तू आलीस की निदान आरडाओरडा तरी होतो. येताना मेतकूट आण.'

मी बी.ए. दोनदा सोडलेली मुलगी. प्रबंधाच्या घरात मला बोलावणं म्हणजे आग लागल्यावर रॉकेलवाल्याला बोलावणं, असं आई म्हणाली. पण जा म्हणाली.

नाशिकरोडवरून मुंबईची लखनौ गाडी मिळते, बदलाबदली नाही. सेकंड क्लासचं तिकीट शंभराच्या आत बसतं. थंडीत जाणार असाल तर ऐका: झाशीपर्यंत गाडी गाडीसारखी धावते, त्यापुढे धुकं. खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नाही. गाडी दहा मिनिटं चालते, अर्धा तास उभी राहते. मी बायकांच्या डब्यात होते. इटारसीला एक बाई डाळिंबं विकताना सुंदर गात होती म्हणून ऐकायला उतरले आणि गाडी हलली. पळत पळत जो डबा हाताला लागला त्यात चढले, तो मिलिटरीचा निघाला. भोपाळपर्यंत जवानांनी मला शेंगदाणे खिलवले आणि उपदेश केला. चोवीस-पंचवीस तासांचा प्रवास तेहतीस तासांत झाला. बरोबर जाड शाल घ्याच. स्वेटरने भागत नाही.

आत्याचं घर इंदिरा नगरात. नवी वसाहत आहे, निम्मे प्लॉट अजून मोकळे, त्यात मोहरीची पिवळी फुलं. नोकरदारांची घरं सगळी. बँकवाले, संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ, आणि त्यात आपली मराठी घरं बरीच. स्टेशनवरून टेंपो मिळतो, माणसं कोंबल्याशिवाय निघत नाही. मामेबहीण-आतेबहीण जे काय म्हणाल ती मंजू न्यायला आली होती. सतरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत.

"मंजे, घरी वातावरण कसं आहे?"

"दीदी, मत पूछो. पापा और हायरम एक कमरे में बंद हैं, मम्मी दूसरे में."

हायरम कोण, ते सांगायला हवं. आतोबांचा प्रबंध ज्याच्यावर आहे तो माणूस. गेल्या शतकातला एक अमेरिकन खासदार. पूर्ण नाव लांबलचक आहे, हात दुखतो म्हणून लिहीत नाही. घरात सगळे हायरमच म्हणतात. आत्या त्याला 'माझी सवत' म्हणते. आतोबांच्या गाईडनी, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांनी, हा विषय दिला तेव्हा आतोबांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. अमेरिकेतही कोणी फारसं ऐकलेलं नाही. म्हणूनच दिला.

पहिल्या दिवशी आतोबा जेवायला बाहेर आले, मला बघून हसले, मेतकूट-भात खाल्ला आणि म्हणाले, "झालंच आहे सगळं. टायपिंगही झालं. उद्या तू कचेरीतल्या टायपिस्ट मुंशीजींकडून गठ्ठा घेऊन ये. बाइंडिंगला दिला की मंगळवारी जमा." आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अकरा वर्षांत पहिल्यांदा मंगळवार हा शब्द ऐकल्याचा आनंद होता.

तो दिवस होता बुधवार. मंगळवारी चार वाजेपर्यंत मुदत.

गुरुवारी सकाळी मी निघाले. आता सरळ कचेरी गाठायची की नाही? पण टेंपोतून हजरतगंज दिसलं आणि उतरले. तुम्हीही उतरा. कमानींखालून नुसतं चालत राहायचं, काही घ्यायचं नाही; त्याला तिकडे 'गंजिंग' म्हणतात, म्हणजे रिकामटेकडेपणाला त्यांनी इंग्रजी शेपूट लावून प्रतिष्ठा दिलीय. मला हे शहर तिथेच आवडलं. मग कैसरबागेच्या बाजूला चालत गेले. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली एका ओळीत टायपिस्ट बसतात, पुढ्यात अर्जदार उकिडवे. मुंशीजी सर्वांत शेवटचे. साठीचे असतील. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, गुडघ्यावर घोंगडी, आणि समोर एवढं जुनं यंत्र की त्याला नमस्कार करावासा वाटावा.

"प्रोफ़ेसर साहब की भतीजी? अरे बिटिया, तशरीफ़ रखिए." बसायला रद्दीच्या गठ्ठ्याशिवाय काही नव्हतं, पण असं म्हटल्यावर मी त्यावर राणीसारखी बसले. चहा आला. चौकशा झाल्या. नाशिक म्हटल्यावर ते हात जोडून म्हणाले, "पंचवटी! राम जी चौदह बरस में पहुँचे थे. हम तो साठ बरस में कानपुर से आगे नहीं गए."

"मग या ना आमच्याकडे," मी आपलं म्हटलं, आणि त्यांच्या पॅडवर पत्ताही लिहून दिला.

"ज़रूर आएँगे," ते म्हणाले. लखनौत 'ज़रूर आएँगे'चा अर्थ काय असतो ते मंजूने मला नंतर सांगितलं: काहीच नसतो.

लाल फडक्यात बांधलेले पाच गठ्ठे. एक मूळ प्रत आणि चार कार्बन. रिक्षात घातले, आणि वाटेत कचोरी-जिलेबीचं दुकान. कचोरीवर बटाट्याची रस्साभाजी ओततात, पानांच्या द्रोणात, रुपयात पोट गच्च. खाता खाता म्हटलं बघू तरी हा हायरम. फडकं सोडलं. माझं इंग्रजी बेताचं, पण पहिलं वाक्य मला कळलं. लिहिलं होतं: 'लेट ऑनरेबल हायरम' यांचा जन्म एका नदीकाठच्या लाकडी झोपडीत झाला.

मी पुन्हा वाचलं. जन्मतानाच कैलासवासी? आणि माननीय? पुढे, लेट ऑनरेबल हायरम चार वर्षांचे असताना वडिलांच्या नावेतून पाण्यात पडले. मला इतकं हसू आलं की जिलेबी नाकात गेली. पुढचं पान, मागचं पान, मधलं पान. जिथे जिथे हायरम तिथे तिथे लेट ऑनरेबल. दोनशे सत्याऐंशी पानं, गुणिले पाच.

घरी आल्यावर मी हसतच सांगितलं. आतोबांनी पान हातात घेतलं आणि खुर्चीत बसले. चेहरा पाहून माझं हसू थांबलं.

"तुम्ही टाइप होत असताना एकदाही वाचलं नाही?" आत्याने विचारलं.

"वीस वर्षं त्यांच्याकडून टाइप करून घेऊन राहिलो बावा. एक चूक नसते त्यांची." मग हळू आवाजात, "परीक्षक पहिलं पान वाचून फेकून देतील."

मुंशीजींना बोलावणं धाडलं. ते संध्याकाळी सायकलरिक्षातून आले, टोपी काढून उभे राहिले. त्यांना चूकच दिसेना. "हुज़ूर, आपने लिखा था काँग्रेसमैन. हम समझ गए, काँग्रेस के आदमी, बड़े नेता, जेल-वेल गए होंगे. और गुज़र चुके हैं. एक स्वर्गवासी बुज़ुर्ग का ख़ाली नाम लिख दें, जैसे नौकर को पुकार रहे हों? हमसे नहीं होता." चाळीस वर्षं कोर्टाचे कागद टाइप केलेला माणूस. मेलेल्या माणसाचं नाव नुसतं लिहायचं नसतं, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. आतोबांनी हाताने लिहिलेलं बोडकं नाव पाहून त्यांना वाटलं, प्रोफेसरसाहेब घाईत आहेत, आपण सांभाळून घेऊ.

आतोबा रागावू शकत नव्हते, हीच तर पंचाईत. मला वाटतं ते मनातून थोडे हललेही होते. अकरा वर्षांत हायरमला एवढा मान दुसऱ्या कोणी दिला नव्हता.

पुन्हा टाइप करायला दिवसच नव्हते. तेव्हा शेजारच्या लेलेकाकांना बोलावलं. ते औषधांच्या संशोधनात आहेत, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काहीबाही सोलत असतात. त्यांनी कार्बनची प्रत उजेडाला धरली, भिंगातून पाहिली आणि म्हणाले, "रबराने फाटेल. खरवडायचं. ब्लेड आडवं धरून, केस भादरल्यासारखं. उद्या प्रयोगशाळेतून चांगली पाती आणतो."

इथे एक तत्त्वाचा प्रश्न निघाला. किती खरवडायचं? मुंशीजी म्हणाले, सगळं काढलं तर फार अपमान होईल. शेवटी तह झाला. आतोबांनी कागदावर लिहून दिला, मुंशीजींनी वाचून मान डोलावली. हायरम निवडून येईपर्यंत दोन्ही शब्द काढायचे. निवडून आल्यावर 'ऑनरेबल' राहू द्यायचं, फक्त 'लेट' काढायचं. मेल्यावर दोन्ही ठेवायचे.

शुक्रवारी सकाळी मी काय केलं असेल? मंजूला घेऊन चौकात गेले, मक्खन खायला. आत्याला वाटलं दूध आणायला गेलोय. पण थंडीत लखनौला जाऊन हे न खाता आलात तर मला तोंड दाखवू नका. दूध रात्रभर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात, आणि वर जो फेस येतो तो केशर घालून पानावर देतात. तोंडात ठेवला की नाहीसा. आपण काही खाल्लं की नाही असा संशय येतो, म्हणून पुन्हा घ्यावं लागतं. ऊन चढायच्या आत जा, नंतर मिळत नाही.

तिथेच एका ओट्यावर एक बाई चिकनचं काम, म्हणजे तिकडचं पांढऱ्या धाग्याचं भरतकाम, करत होत्या. मी बघत उभी राहिले, मंजू "चलो ना यार" करत राहिली. मलमलवर सुईने त्या बारीक बारीक भोकं पाडत होत्या, पण एकही धागा न तोडता. नुसते धागे बाजूला सारून, बांधून. त्याला जाली म्हणतात. मी विचारलं, कापड फाटत नाही? त्या म्हणाल्या, "फटे तो जाली कैसी? जगह बनाते हैं, बस."

घरी पोचलो तर गच्चीत सतरंजी घातलेली, उन्हात पाच गठ्ठे, पाच पाती, आणि आतोबा सोडून आम्ही पाच जण. आत्याने मक्खनाबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त माझ्या ओठांवरचं केशर पदराने पुसलं आणि पातं हातात दिलं.

मला वाटलं होतं, कंटाळा येईल. मी तासाभरात उठून जाईन अशी पैज मंजूने लेलेकाकांशी लावली होती. ती हरली. कारण दर ओळीत त्याचं नाव शोधायचं तर ओळ वाचावी लागते, आणि वाचता वाचता मी अडकले. अडलं की आतोबांना विचारायचं. ते एरवी घुमे, पण विचारलं की सुटत.

हायरमचा बाप नावाडी. पोरगा वल्ही मारत मोठा झाला. शाळा जेमतेम दोन हिवाळे. (इथे मी जरा ताठ बसले.) अक्षरं शिकला ती नावेतून जाणाऱ्या पिंपांवरची, मीठ, गूळ, खिळे, माल कुठून आला, कुठे चालला. मग जमीन मोजणाऱ्यांच्या मागे साखळी धरून हिंडला, सगळा मुलूख पायाखाली घातला. दुकानात बसून कायद्याची पुस्तकं वाचली, वकील झाला. लोक त्याला ओळखत, कारण त्याने प्रत्येकाला कधी ना कधी नदीपार नेलं होतं. उभा राहिला, निवडून आला. त्या पानावर आलो तेव्हा मुंशीजींनी पातं खाली ठेवून टाळी वाजवली. "अब ऑनरेबल को कोई हाथ नहीं लगाएगा!"

"दीदी, ये तो अब शुरू हुआ है," मंजू म्हणाली. तीही वाचत होती.

राजधानीत त्याला कोणी विचारेना. त्या काळी तिकडे गुलामगिरी होती आणि ती बंद करा म्हणून लोकांचे अर्ज पोत्यांनी येत. सभागृहाने नियमच केला होता, हे अर्ज वाचायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. हायरम रोज एक अर्ज घेऊन उभा राही. धोबिणींचा, सुतारांचा, कोणा एका म्हातारीचा, जिने सही म्हणून नुसती फुली काढली होती. अध्यक्ष म्हणत, खाली बसा. तो बसे. दुसऱ्या दिवशी दुसरा अर्ज. पानंच्या पानं हेच. उभा राहिला, बसवला. उभा राहिला, बसवला. माझं पातं थांबायचं.

"आतोबा, तो कंटाळत नव्हता?"

"कंटाळायचा ना. बहिणीला लिहिलेलं पत्र आहे, एकशे नव्वद पानावर बघ. माझे गुडघे दुखतात, म्हणतो."

शनिवारी दुपारी माझा गठ्ठा संपला. हायरम निवडणूक हरला. त्या अर्जांमुळेच हरला, गावातल्या बड्या लोकांनी पाडला. सामान घेऊन बोटीतून परत निघाला. पान दोनशे सत्याऐंशी. खाली काही नाही. मी पान उलटून पाहिलं, सतरंजीखाली पाहिलं.

"पुढे काय झालं?"

आतोबा झालेली पानं सारखी करू लागले.

"आतोबा, पुढचं प्रकरण कुठंय? हा मेला कुठे? मुंशीजींचा 'लेट' ठेवायचा कुठे मग?"

"पुढे काही नाही," ते म्हणाले. "लिहिलंच नाही मी."

आत्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. लेलेकाका घसा खाकरून गच्चीच्या कठड्याकडे गेले. आतोबा सतरंजीच्या काठाशी बोलल्यासारखे बोलू लागले. "दोन वर्षं झाली तिथं थांबून. हरला, घरी गेला, बापाची नाव चालवत बसला मरेपर्यंत. इतकंच. त्याचं काय प्रकरण लिहू? एवढा उभा राहिला, आणि शेवटी वल्हं. परीक्षक विचारतील, मग या माणसावर अकरा वर्षं काहून घालवली? मी काय सांगू?"

मला कळलं की हे हायरमबद्दल नव्हतं. आत्यालाही कळलं. ती काही बोलणार तेवढ्यात मुंशीजींचा आवाज आला. त्यांच्या गठ्ठ्यात अजून चार पानं होती आणि ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत होते, "हुज़ूर, यहाँ चुनाव हार गए हैं. अब ऑनरेबल का क्या करें?"

"काढा," आतोबा म्हणाले. "आता सभासद नाही ना तो. नियमाने काढायला पाहिजे."

मुंशीजींनी पातं सतरंजीवर ठेवून दिलं. "ये हमसे नहीं होगा."

"मुंशीजी, तह झालाय आपला."

"समझौते में हारने की बात नहीं थी. हुज़ूर, इज़्ज़त क्या कुर्सी के साथ आती है? आप ही ने लिखा है, रोज़ खड़े होते थे, रोज़ बिठाए जाते थे. हमने अपने हाथ से टाइप किया है, आँख भर आई थी. जो आदमी इतनी बार उठा हो, वो एक बार हारने से ख़ाली हायरम हो जाएगा?"

खाली रस्त्यावर मुळेवाला ओरडत गेला.

मग मी, मला मेलीला कुठे थांबावं ते कळत नाही, विचारलं, "पण नाव चालवताना तो काय करायचा? नुसती चालवायचा?"

आतोबांनी माझ्याकडे मान वळवली. "एक कागद आहे," ते म्हणाले. "घाटावर पाटी लावलेली असायची, कोणाला किती भाडं ती. त्याची नक्कल आहे माझ्याकडे. फार क्षुल्लक म्हणून घेतली नव्हती. माणसाला इतके, घोड्याला इतके, गाडीला इतके. आणि तळाशी त्याच्या हातची एक ओळ. अर्ज घेऊन निघालेल्यांना भाडं नाही."

मुंशीजींनी दोन्ही हात कानांना लावले. "सुना? अब खुरचिए ऑनरेबल, किसमें हिम्मत है!"

आतोबा उठले. टेबलावरचं पॅड घेतलं, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उन्हात खुर्ची ओढली आणि आमच्याकडे पाठ करून लिहायला बसले. आत्याने त्यांच्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला आणि काही न बोलता परत आली. पण येताना चालत आली नाही, जवळजवळ नाचत आली. त्या संध्याकाळी तिने पुरणपोळ्या केल्या. सण कुठला, म्हणून लेलेकाकूंनी विचारलं तर म्हणाली, "सवत मार्गी लागतेय."

रविवारी मुंशीजी यंत्रच रिक्षात घालून घेऊन आले. आतोबा एक पान संपवत, मंजू ते धावत खाली आणून देई, मुंशीजी टाइप करत. दर पानाला विचारत, "यहाँ ज़िंदा हैं?" हायरम बारा पानं जगला आणि तेराव्यावर गेला, एका थंड सकाळी, घाटावर. तिथे मुंशीजींनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या देखत, हळूहळू, एकेक अक्षर दाबत 'लेट' टाइप केलं. पहिल्यांदाच योग्य जागी.

त्यावर मला चेव आला. मी म्हटलं, "मुंशीजी, पहिल्या पानावर आतोबांच्या नावामागे 'डॉक्टर' पण लावून टाका की. तुमचा हात चालूच आहे."

त्यांनी जीभ चावली. "नहीं बिटिया. इज़्ज़त अपनी तरफ़ से दी जाती है, उपाधि नहीं. वो जिस दिन यूनिवर्सिटी देगी, उस दिन लिखूँगा. एक दिन पहले नहीं."

सोमवारी अमीनाबादेत बाइंडिंग. बाइंडरच्या शेजारी रेवड्या मिळतात, गुलाबपाण्याच्या, न्याच. मंगळवारी तिथून प्रती घेऊन निघालो तर धुकं असं की गोमतीचा पूल कुठे सुरू झाला ते कळेना. टेंपो बंद, म्हणून तीन सायकलरिक्षा केल्या: एकीत आतोबा-आत्या, एकीत मंजू-मी, एकीत मुंशीजी आणि पाच जाडजूड प्रती. पुलाच्या चढावर आम्ही उतरून ढकलत होतो. फक्त मुंशीजींना उतरू दिलं नाही, कारण त्यांनी प्रती मांडीवर घट्ट धरल्या होत्या. तीन वाजून गेल्यावर पोचलो.

खिडकीमागच्या बाबूंनी प्रत उघडली, पानं मोजली, मग एक पान उजेडाला धरलं. खरवडलेल्या जागा पारदर्शक झालेल्या, त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. "प्रोफ़ेसर साहब, ये हर सफ़े पर झरोखे कैसे?"

मी मागून म्हटलं, "जाली आहे. जाली है. फटा नहीं है, जगह बनाई है."

बाबू माझ्याकडे बघत राहिले. मग मुंशीजींकडे. मग हसायला लागले आणि शिक्का उचलला. "लखनऊ का काम है," मुंशीजी अदबीने म्हणाले. शिक्का पाचदा पडला. बाहेर आल्यावर आतोबांनी मंजूला, मला, आत्याला, मुंशीजींना आणि रिक्षावाल्यांना चहा पाजला आणि स्वतः प्यायचं विसरले.

मी आणखी तीन दिवस राहिले, इमामबाड्याच्या भूलभुलैयात रीतसर हरवले, मग परत. झाशीनंतर ऊन.

आईने विचारलं काय आणलंस. रेवड्या, एक चिकनचा कुडता, आणि लेलेकाकांनी दिलेलं एक पातं. ते माझ्या डब्यात आहे. राहिलं ते मात्र वेगळंच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी आयुष्यात वाचलेलं एकमेव पुस्तक म्हणजे तो प्रबंध. रोज उठायचं, रोज बसवलं जायचं, एवढंच करत राहिलेल्या माणसाबद्दल आता कधी कधी सकाळी अंथरुणातच विचार येतो. त्याचा उपयोग काय ते विचारू नका. उठते लवकर, एवढं खरं.

आणि शेवट? मार्चनंतर आत्याची पत्रं आली ती अशी: एका परीक्षकाचा अहवाल आला, दुसऱ्याचा नाही. दुसऱ्याचा आला, तिसरे परदेशी गेलेत. ऑगस्टात: तोंडी परीक्षेची तारीख ठरत नाही. त्यानंतर पत्रच नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही. म्हणूनच ही वही

थांबा. आई खालून ओरडतेय. दारात कोणी म्हातारे गृहस्थ आहेत म्हणे, काळी टोपी, बरोबर बायको, ट्रंक आणि वळकटी. आत या म्हटलं तर येत नाहीत, उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे आहेत. पंचवटीला आलेत एवढंच तिला कळलं. वर द्यायला म्हणून त्यांनी एक चिठ्ठी दिली, ती तिने जिन्यातून फेकली, आत्ता माझ्या हातात आहे. टाइप केलेली, मधोमध, समास सोडून. अक्षरं इंग्रजी, भाषा हिंदी, एकच ओळ:

'डॉक्टर साहब की भतीजी की सेवा में.'